पांढऱ्या दाढीआडचा माणूस

मी एक जुना मुखवटा आहे, आणि माझी दाढी जन्मल्या दिवसापासून पांढरी आहे. तरीही मला आजवर कुणी म्हातारा म्हटलेलं नाही. ज्याच्या तोंडावर मी चढायचो, तो मात्र काळ्याभोर मिशीचा गडी होता, आणि एके दिवशी भर बैठकीत त्यालाच ‘आजोबा’ म्हणून हाक पडली. मित्रांनो, ही गोष्ट त्या हाकेची आणि तिला मिळालेल्या उत्तराची आहे.

आमचं गाव आरे-वारेच्या किनाऱ्यापासून वर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळी माळाच्या, पलीकडे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. तिच्यापुढे नमनाचे खेळे, म्हणजे नाचत गाणारे गडी, असतात आणि सगळ्यांच्या पुढे धावत येतो तो संकासूर. अंगात काळा झगा, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात दोराचा पीळ, डोक्यावर उंच निमुळती टोपी आणि तोंडावर मी. पोरं त्याला चिडवतात, तो त्यांच्या मागे लागतो, पोरं आवशीच्या पदराआड लपतात आणि पुन्हा चिडवायला बाहेर येतात. खेळ चालू असेपर्यंत संकासुरानं तोंडातून शब्द काढायचा नाही आणि मला उतरवायचं नाही. आमच्या गावची आणखी एक रीत आहे. संकासूर कुणाच्याही घरी बेड्यातून, म्हणजे फाटकातून, येत नाही. तो गडग्यावरून उडी मारून अंगणात उतरतो. गडगा म्हणजे दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत, कमरेला लागेल एवढी. देव दारातून येतो, सोंग आडवाटेनं येतं, असं जुनी माणसं सांगतात.

मला शिवलं गनी शिंप्यानं. त्याचं मशीन खालच्या मोहल्ल्यात, मशिदीच्या अलीकडे. मोडक्या छत्रीचं काळं कापड, आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर, लाल फलालीनची जीभ आणि घायपाताच्या वाखाची दाढी. मागे बांधायला नाडी. माप द्यायला केरू आला होता. तिशीतला केरू, धंद्यानं गवंडी. गावातले निम्मे गडगे त्याच्या हातचे.

“तोंड हाय का फणस?” गनी त्याच्या डोक्याभोवती टेप फिरवत म्हणाला. “नाडी पुरत नाय तुला.”

“मग लांब लाव की. कापडाला कंजूष, नाडीला पण कंजूष.”

गनीनं लांब नाडी लावली. ही नाडी लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे.

पहिली काही वर्षं काय सांगू तुम्हाला! केरू गडग्यावर हातही टेकत नसे. दुरून धावत यायचा, घुंगरं क्षणभर गप्प व्हायची, आणि एकदम अंगणाच्या मधोमध वाजायची. बायाबापड्या “आला गो आला” करत मागे सरायच्या. आत कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं, तरी एकमेकांना विचारायची रीत होती, “आत कोण हाय ओ?” आणि उत्तर द्यायचीही रीत होती, “हाय कुणीतरी जवान.” केरूला ते ऐकू यायचं. मुखवट्याआड माणूस हसला की त्याचे गाल अस्तराला लागतात. माझं अस्तर त्या वर्षांत फार सुखात होतं.

आता दुसरी बाजू. नमनाचा म्होरक्या होता सखाराम. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, “सोंग अंगात यायला एक घोट लागतो.” तेव्हा पुढल्या दारी पालखीची ओटी भरली जात असताना संकासुराला मागल्या दारी बोलावून घ्यायचे. मला हनुवटीवरून नाकापर्यंत उचलायचे आणि काजूच्या बोंडांच्या दारूचं भांडं आत सरकवायचे. हे वाईट बुद्धीनं नव्हतं हो. ज्या घरानं घोट दिला नाही त्या घरानं सोंगाचा मान राखला नाही, असं समजायचे. नको म्हणावं, तर संकासुराला बोलायची बंदी. म्हणजे गावानं एका माणसाचं तोंड बांधलं आणि मग त्याला घरोघर विचारलं, घेणार का? गावाच्या शहाणपणाचे असे नमुने मी पुष्कळ पाहिलेत.

आधी शिमग्यापुरती होती. मग गणपतीत. मग गडग्याचं काम संपलं की, मग सुरू व्हायच्या आधी. लोक म्हणायचे, केरू पितो पण कामाला चुकत नाही. मी हे मान्य करत नाही. लोक बाहेरून बघतात, मी आतून. मला माणसांचा हिशेब ठेवायची खोड आहे, आणि माझ्या हिशेबात केरूचं एक वर्ष इतरांच्या एका वर्षाएवढं राहिलं नव्हतं. बाकीच्यांचं वय चालत होतं, याचं उतारावरून धावत होतं. घाम सोंग चढवायच्या आधीच यायचा, आणि त्याला घामाचा वास नसायचा, बोंडांचा असायचा. श्वास नाकातून पुरत नसे, म्हणून तोंडातून ओढायचा आणि माझी जीभ त्याच्या ओठांत जायची. आणि गाल? गाल अस्तरापर्यंत पोचेनासे झाले. मी सैल पडू लागलो.

दर शिमग्याआधी केरू मला गनीकडे घेऊन जायचा. “नाडी आखूड कर. सोंग डोळ्यावर उतरतं.”

गनी आखूड करायचा. एकदा मात्र तो नाडी हातात धरून बसला. “नाडी तीच हाय केरू. मी लावलेली. तोंड कुठं टाकून आलास?”

“तू तुझं शीव.”

“शिवतो. पण असाच आखडत गेलास तर एक दिवस पोराच्या मापाचा मुखवटा लागेल, आणि दिसशील म्हातारा.”

केरू हसला. हसला म्हणजे खोकला.

त्याचा थोरला भाऊ भागोजी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. शेती करायचा, तंबाखू खायचा, दारूला शिवत नसे. दोघे पडवीत शेजारी बसले की मी खुंटीवरून बघायचो. पाठमोरे बघितले, तरी धाकटा कोण हे सांगताना माणूस चुकला असता. साल ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत केरूच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या, हाताला कंप आला, केस पिकले ते पिकले, दोन दात गेले. साल शहाऐंशीच्या शिमग्यात तर संकासूर गडग्यापाशी धावत आला, थांबला, आणि गुपचूप बेड्यातून आत शिरला. “आत कोण हाय?” असं त्या वर्षी कुणी विचारलंही नाही.

त्याच सालातल्या वैशाखात लांज्याचे पाहुणे आले.

केरूच्या मुलीला, मैनाला, बघायला हरिश्चंद्र नावाचे गृहस्थ आपल्या मुलाला, रघूला, घेऊन आले होते. लांज्याच्या स्टँडजवळ त्यांचं छोटं दुकान. मुलगा शांत, नीटनेटका. मैनानं आडून बघितलं होतं आणि तिला तो आवडला होता, हे तिनं न सांगताही पडवीतल्या खुंटीला कळलं होतं. केरू सकाळपासून धुतलेला सदरा घालून बसला होता. कंप थांबावा म्हणून थोडीशी घेतलीही होती, लोक औषध घेतात तशी.

हरिश्चंद्र पायरी चढले. समोर दोघे भाऊ. त्यांनी आधी वाकून केरूच्या पायांना हात लावला आणि आदरानं म्हणाले, “आजोबा, बसा बसा, उठू नका.” मग भागोजीकडे वळून म्हणाले, “मुलीचे वडील आपणच ना?”

पडवीत पंखा नव्हता, तरी सगळ्यांना वारा बंद झाल्यासारखं वाटलं.

“मी चुलता,” भागोजी म्हणाला. “थोरला. बापूस तो.”

मैना पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. सखू, केरूची बायको, तिच्यामागे होती. तिनंही ऐकलं.

“माफ करा,” हरिश्चंद्र म्हणाले. चांगला माणूस, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “आजारी होतात का?”

उत्तर सखूनं दिलं. “होय. आजारीच हायत. औषध चुकीचं घेतात.”

पोहे खाऊन झाले, चहा झाला. जाताना हरिश्चंद्रांनी भागोजीला बेड्यापाशी बाजूला घेतलं. पण पडवी समोरच आणि उघडी, त्यामुळे सगळं ऐकू आलं. “मुलगी पसंत आहे. पोराला तर फारच. पण माझा भाऊ दारूनं गेला हो. आमच्या घरात त्या वासानं बायका अजून रडतात. सोयरीक म्हणजे येणंजाणं आलं. मी नाही म्हणत नाही. शिमग्याला तुमच्याकडे पालखी बघायला येतो, तेव्हा काय ते बोलू.”

मित्रांनो, याला सभ्य भाषेतली मुदत म्हणतात.

पाहुणे गेल्यावर मैना बशा उचलायला आली. केरू म्हणाला, “मैना, तुला राग आला?”

“त्यांचा नाय आला,” ती म्हणाली. “ते खोटं बोलले असते तर आला असता.” आणि बशा घेऊन आत गेली.

सगळे आपापल्या कामाला लागल्यावर केरूनं मला खुंटीवरून काढलं. वैशाखात मला कुणी काढत नाही. त्यानं मला तोंडावर बांधलं आणि दाढी करायच्या आरशासमोर उभा राहिला. पांढरी दाढी, खोल डोळे, लोंबती जीभ. मग नाडी सोडली आणि पुन्हा बघितलं. बराच वेळ तो एकदा मला लावत होता, एकदा काढत होता. मी त्याला घाबरवायला शिवलेला नव्हतो. पण त्या दिवशी तो घाबरला, आणि मला घालून नव्हे, काढून.

दुसऱ्या दिवशी तो सरकारी दवाखान्यात गेला. परत आल्यावर पडवीत बसून त्यानं सखूला सगळं सांगितलं, म्हणून मला कळलं.

“डॉक्टरनं वय विचारलंन. चव्वेचाळीस बोललो. तर म्हणतो, हे दाखल्यावरचं. अंगाचं वेगळं असतं. ते साठीला टेकलंय तुझं.”

“मी काय वेगळं सांगत होते?”

“तू शिव्या घालून सांगायचीस. त्यानं पोट दाबून सांगितलंन.”

“मग? मागं येतं का वय?”

“सगळं नाय येत. पण पळायचं थांबतं बोलला. आणि थोडं मागं पण येतं. किती, ते माझ्यावर.” मग खिशातली पुडी काढत म्हणाला, “गोळ्या दिल्यात. एकदम हात कापायला लागले तर परत ये बोललाय. आजपासनं बंद.”

सखूनं पुडी घेऊन फळीवर ठेवली. असं ‘आजपासनं’ तिनं पुष्कळदा ऐकलं होतं. पण या वेळी तो डॉक्टरकडे आपल्या पायांनी गेला होता, आणि हा फरक तिनं मनात मांडून ठेवला.

ते दिवस सोपे नव्हते. केरू थरथरला, चिडला, जेवण टाकलं, दवाखान्यात पुन्हा गेला. एकदा संध्याकाळी चपला घालून बेड्यापर्यंत पोचला आणि तिथंच गडग्याचे ढासळलेले दगड रचत बसला, अंधारेपर्यंत. पावसाळा गेला, भात कापून झालं. एका सकाळी त्यानं मला झग्याबरोबर पिशवीत घातलं आणि सड्यावर नेलं. तिथं गुरं आणि वारा सोडून बघायला कुणी नसतं. मला बांधून तो धावला. थोडा धावला, बराच खोकला. दुसऱ्या दिवशी जरा जास्त धावला. असं रोज. आणि एका सकाळी मला एक ओळखीचा वास आला. कसला म्हणून मी विचार करत राहिलो. मित्रांनो, तो घाम होता. नुसता, साधा, मेहनतीच्या माणसाचा घाम. कितीतरी वर्षांनी केरूच्या घामाला घामाचा वास आला होता.

त्यानंतर माझ्या अस्तराला काहीतरी टेकलं. गाल.

माघात गावकीची बैठक झाली. खेळ्यांची सोंगं ठरवायला सगळे देवळात जमले. मी केरूच्या मांडीवर होतो. सखाराम म्हणाला, “केरू, यंदा सोंग दुसऱ्याला देऊया. गेल्या साली संकासूर बेड्यातनं शिरला. देव पण हसला असेल.”

“यंदा गडग्यावरनं येतो.”

“आणि वर दारू पण सोडलीस म्हणतात. घोटाशिवाय सोंग अंगात येत नाय, माहीत हाय ना?”

“सोंग नाय येत की तू येत नायस?” कुणीतरी मागून बोललं आणि देवळात हशा पिकला.

“एका घरी जरी बेड्यातनं शिरलो,” केरू म्हणाला, “तर मुखवटा तुझ्या हातात.”

ठरलं. घरी येताना मात्र त्याचे पाय जड होते. सखूला म्हणाला, “उडीचं नाय भय. भय मागल्या दाराचं हाय. घरोघर भांडं पुढं येणार. आणि नको म्हणायला संकासुराला तोंड नाय.”

“मला हाय,” सखू म्हणाली.

आणि ती उठून विहिरीवर गेली. तिथं तिनं बायकांना सांगितलं, “माझ्या नवऱ्याला पाजायची हौस असेल तर कोकमाचं पाणी पाजा. आणि परसात नको, पुढल्या दारी, देवासमोर. सोंगाचा मान राखायचा तर उजेडात राखा.” बायकांनी एकमेकींकडे बघितलं. प्रत्येकीच्या घरात एखादा मागल्या दाराचा शौकीन होताच. त्यांना ही रीत फारच पसंत पडली.

शिमगा तोंडावर आला तसा केरू गनीकडे गेला. गनीनं मशीन न थांबवता हात पुढे केला. “आण. किती आखूड करू?”

“लांब कर.”

मशीन थांबलं.

“काय?”

“आवळते. कानाला काचते.”

गनीनं चष्मा कपाळावर ढकलला, मला केरूच्या तोंडावर धरलं आणि मागून नाडीची टोकं जुळवून बघितली. जुळेनात. त्यानं पुन्हा बघितलं. मग आत बायकोला हाक मारली, “हफीजा, ती काळी नाडी आण गो. लांबवाली. फणस परत आलाय.”

साल सत्याऐंशीचा तो शिमगा. पहिल्या घराचा गडगा आला तेव्हा सगळा गाव श्वास धरून उभा होता. केरू धावला. घुंगरं गप्प झाली. मग अंगणात वाजली. दुसऱ्या घरी वाजली, तिसऱ्या घरी वाजली. जिथं तिथं पुढल्या दारी एक बाई हसत उभी, हातात लालजर्द कोकमाच्या पाण्याचा तांब्या. पुरुष मागल्या दारी ताटकळले. सखाराम एका घरी कुजबुजला, “सरबतावर नाचणार काय हा दिवसभर?” त्याची बायको तिथंच होती. ती म्हणाली, “तुमी दारूवर बसून तरी रहाताव काय?” त्यानंतर सखारामानं ढोलकी वाजवण्याकडे लक्ष दिलं.

दुपार कलली. शेवटचं घर केरूचं. रीतीनं खेळ तिथं संपायचा आणि तिथंच मी उतरायचो. पडवीत लांज्याचे पाहुणे बसले होते, हरिश्चंद्र आणि रघू, शेजारी भागोजी. मैना दारात, हातात ओवाळणीचं ताट. तिची नजर गडग्यावर होती, आणि ताटातली निरांजनं हलत होती. हा गडगा गावातला सगळ्यात उंच. केरूनं तरुणपणी स्वतःसाठी घातलेला, मिजाशीत.

इथं मी तुम्हाला आतलं सांगतो. केरू दमला होता. दिवसभरात एवढी घरं, एवढ्या उड्या, आणि वय चव्वेचाळिसाचं पंचेचाळीस झालेलं. दवाखान्यातला डॉक्टर सगळं मागं येत नाही म्हणाला होता, ते खरं होतं. गुडघ्यात कळ होती. पण श्वास नाकातून येत होता, लांब आणि सरळ. त्यानं तो एकदा पुरता आत घेतला. माझी जीभ बाहेरच राहिली. आणि तो धावला.

मित्रांनो, मी त्या गडग्याच्या वर असताना खाली बघितलं. मैनाचा चेहरा दिसला. मग घुंगरं वाजली, आणि पोरं किंचाळत पळाली.

संकासूर अंगणभर नाचला. पोरांच्या मागे लागला, पडवीच्या पायरीवर चढला, रघूला दोराचा पीळ दाखवून घाबरवला, खाली उतरला. हरिश्चंद्र मांडीवर थाप मारत म्हणाले, “आत कोण आहे हो? काय उडी मारतो! कुणाचा पोरगा?”

कित्येक वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. भागोजीनं तंबाखू गालात सरकवली आणि गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलं, “हाय कुणीतरी जवान.”

खेळ संपला. मैना पुढे आली आणि तिनं ओवाळलं. आता निरांजनं हलत नव्हती. मग केरूनं मागे हात नेऊन गनीच्या लांब नाडीची गाठ सोडली आणि मला उतरवलं.

हरिश्चंद्र बघतच राहिले. केस तेच पांढरे, दातही दोन कमीच. पण गाल भरलेले, डोळे स्वच्छ, आणि हातातला मी जराही हलत नव्हतो. त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “आजोबा... तुम्ही?”

आता संकासुराला बोलायची मुभा होती.

“आजोबा व्हायला मी तयार हाय, पाहुणे,” केरू म्हणाला. “पण त्याला आधी पोरीचं लग्न लावावं लागतं.”

अंगणात असा हशा उठला की पालखीचे भोई पण खांदा सावरून हसले. हरिश्चंद्र हसता हसता पायरी उतरले आणि केरूला मिठी मारली. नाक त्याच्या खांद्याला लावून त्यांनी एक श्वास घेतला, मी मध्येच चेंगरलो होतो म्हणून मला कळलं. खात्री करून घेत होते. मिळाला तो घामाचा आणि कोकमाचा वास.

“वैशाखात उडवून देऊ,” ते म्हणाले.

आणि वैशाखात लग्न झालं. गनीनं नवऱ्यामुलाचा कोट शिवला.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. शिमगा आला की उतरतो, केरूच्याच तोंडावर चढतो. लांज्याहून मैनाचा धाकटा येतो तेव्हा माझी दाढी उपटतो, आणि केरू त्याला रागावत नाही. मी फाटलो तर गनी ठिगळ लावतो. दाढी झडली तर सड्यावर घायपात हवा तेवढा आहे. पण मित्रांनो, तुमच्या तोंडाला अस्तर बदलायची सोय नाही. केरूचं बरंच परत आलं, सगळं नाही, आणि जे आलं ते त्यानं एकेक सकाळ धावून आणलं. म्हणून एवढंच मागतो. कुणी मागल्या दारानं मान द्यायला आला तर त्याला पुढल्या दारी बोलवा. आणि पांढऱ्या दाढीची फारच हौस असेल तर मला मागून न्या. माझ्याकडचं म्हातारपण नाडी सोडली की उतरतं.